आठ पाय, शंभर मिलिव्होल्ट आणि भाऊजी

हेडफोन अँप्लिफायरमध्ये ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी छोटी आयसी) थेट सोल्डर न करता आयसी बेसवर बसवलेला असला की काही लोकांना स्वस्थ बसवत नाही. त्यातलेच एक आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर. बारीक स्क्रूड्रायव्हरने जुनी आयसी एकदा इकडून, एकदा तिकडून उचलायची, कट कुठल्या बाजूला आहे ते बघून नवी दाबायची, की लगेच "वहिनी, स्टेज बघा किती मोकळं झालं!" स्टेज म्हणजे वाद्यं वेगवेगळ्या जागी वाजल्यासारखी वाटतात तो पसारा.

मी डिप्लोमावाली. मला आधी मीटर लागतो.

माझा अँप घरी केलेला आहे. १२-०-१२चा ट्रान्सफॉर्मर, अधिक-उणे १२ व्होल्ट स्थिर ठेवणाऱ्या ७८१२ आणि ७९१२, मध्ये एकच आठ पायांची ड्युअल आयसी, म्हणजे दोन चॅनेलना दोन ऑप-अँप एकातच. इनपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, तिथून ग्राउंडला १०० के (किलोओहम) रेझिस्टर. फीडबॅकला ४.७ के आणि १ के, म्हणजे गेन ५.७, सिग्नल तितक्या पट वाढतो. आउटपुटला कपॅसिटर नाही, आयसीचा पाय जवळजवळ थेट हेडफोनला. हे सगळं ओपीए२१३४ डोक्यात ठेवून केलेलं. तिच्या इनपुटला जेफेट जातीचे ट्रान्झिस्टर आहेत, त्यामुळे इनपुटमधून वाहणारा करंट पिकोअँपिअरमध्ये. १०० के रेझिस्टरवर त्याने काहीच फरक पडत नाही.

आता त्याच बेसवर एनई५५३२ बसवा. ही सिग्नेटिक्सची सत्तरच्या दशकाच्या अखेरची आयसी, स्टुडिओंच्या मिक्सरमध्ये ढिगाने वापरली गेलेली, आणि आजही किमतीच्या मानाने तिला तोड नाही. पण तिचे इनपुट बायपोलर ट्रान्झिस्टरचे. साधारण २०० नॅनोअँपिअर करंट घेते. २०० नॅनोअँपिअर गुणिले १०० के म्हणजे २० मिलिव्होल्ट, त्याला ५.७ने गुणलं की आउटपुटला ११४ मिलिव्होल्ट डीसी. यालाच ऑफसेट म्हणतात. गाणं सुरू व्हायच्या आधीच! ३२ ओहमच्या हेडफोनमधून साडेतीन मिलिअँपिअर सतत वाहतात आणि पडदा एका बाजूला सरकून बसतो. मग लोक लिहितात, ५५३२चे खालचे सूर (बास) ढिले वाटतात. त्या बिचारीचा काय दोष?

म्हणून माझ्याकडे नियम आहे: नवी आयसी बसवली की हेडफोन लावायचाच नाही. मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर, एक टोक ग्राउंडला, दुसरं आउटपुटला. दोन्ही चॅनेल बघायचे. आकडा पाच-दहाच्या आत असला की आधी जुने इअरफोन, मग चांगले.

गेल्या महिन्यात भाऊजी ओपीए२६०४ घेऊन आले. ऑनलाइन मागवलेली, किंमत संशय यावा इतकी कमी. पाठीवर अक्षरं पांढरीशुभ्र, पृष्ठभाग मात्र बारीक पॉलिश पेपर मारल्यासारखा. "हिचा आवाज एकदम वॉर्म आहे, माझ्याकडे ऐकलाय मी." बसवली. मीटरवर एका चॅनेलला शंभरच्या वर, दुसऱ्याला जरा खाली. २६०४ जेफेट इनपुटची असते, तिने असं करायचं काही कारण नाही. अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला तर अक्षरं बोळ्यावर आली, म्हणजे नाव वरून छापलेलं. आत नक्की काय होतं ते मी सांगू शकणार नाही, पण जेफेट नव्हतं. माझ्या १०० केने चोर पकडला म्हणायचा.

भाऊजी गप्प बसतील तर शपथ. "पण आवाज वॉर्म होता ना!"

मग रीतसर ऐकायचं ठरलं. ५५३२वर अन्याय नको म्हणून १०० केच्या जागी १० के टाकला आणि इनपुट कपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा केला. दोघांचा गुणाकार तोच राहतो, म्हणून खालच्या सुरांची मर्यादाही तीच, १६ हर्ट्झ. ऑफसेट दहा-अकरा मिलिव्होल्टवर, म्हणजे माझ्या नियमाच्या काठावर आला. स्पर्धेत तिघी: ५५३२, २१३४ आणि एलएम४५६२, तिन्ही खात्रीच्या दुकानातल्या.

४५६२ने जरा त्रास दिला. बसवली, ऑफसेट ठीक, पण दोन मिनिटांत बोट ठेववेना. एवढी वेगवान आयसी (बँडविड्थ ५५ मेगाहर्ट्झ) सप्लाय जवळ फिल्टर नसला की स्वतःच आंदोलनं (ऑसिलेशन) सुरू करते. ती कानाच्या पल्ल्याबाहेर असतात, ऐकू येतो तो फक्त खरखरीतपणा, आणि त्यालाच कुणी 'डिटेल' म्हणतं. बोर्ड उलटा करून चार आणि आठ नंबरच्या पायांमध्ये १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावला, पाय शक्य तितके आखूड ठेवून. थंड झाली.

आवाजाची पातळी जुळवायला ४०० हर्ट्झचा टोन लावला. साधे मीटर जास्त फ्रिक्वेन्सीला एसी नीट मोजत नाहीत, म्हणून १ किलोहर्ट्झ टाळला. तिघींचा आकडा सारखाच आला. येणारच, गेन आयसीत नसतो, त्या ४.७ के आणि १ के मध्ये असतो. व्हॉल्यूमच्या नॉबला मग कुणी हात लावायचा नाही.

भाऊजी दिवाणखान्यात, अँप आतल्या खोलीत, मध्ये लांब एक्स्टेन्शन. ऐकायला नुसता तानपुरा. मला तरी याहून चांगलं काही सापडलेलं नाही. जवारीत (तारांच्या त्या झणझणत्या नादात) वरचे स्वर इतके दाट असतात की अँपने काही गडबड केली तर तिथेच कळते. मी दर वेळी आयसी काढायची आणि कधी बदलून, कधी तीच परत बसवायची. भाऊजींनी ५५३२ला दोनदा "२१३४, नक्की" म्हटलं, आणि एकदा न बदललेल्या आयसीला "ही जरा कोरडी आहे" असा शेरा मारला. नंतर जागा बदलून मी बसले. माझंही काही वेगळं झालं नाही, फक्त मी शेरे कमी मारले.

खरा फरक ऐकायचा असेल तर ३२ ओहमचा हेडफोन लावून आवाज चांगला चढवायचा. मीटरवरच्या एक व्होल्टला (आरएमएस) शिखरावर ४४ मिलिअँपिअर लागतात आणि ५५३२ची ताकद त्याच्या आधीच, चाळिशीच्या आत संपते. तिथे तबल्याची थाप फाटते, आणि ते डोळे बांधूनही कळतं. एनजेएम४५५६ ७० मिलिअँपिअर देते. दिसायला साधी, स्वस्त, नावाला वलय नाही. पुढच्या वेळी पुण्याच्या तापकीर गल्लीत गेले की दोन आणणार आहे. भाऊजींना मात्र एवढंच सांगितलंय की जपानी आहे.