इस्ट्रोजेनचं जेल संपलं आणि टीएसएच चढला

रिपोर्ट आला, टीएसएच ७.१. हा आकडा चढला म्हणजे थायरॉइड कमी पडतंय. जानेवारीत इंग्लंडात, रेडिंगला केला होता तेव्हा २.३ होता आणि तेव्हापासून थायरॉइडच्या गोळीचा डोस तोच, ७५ मायक्रोग्रॅम, वेळही तीच, सकाळी उठल्या उठल्या नुसत्या पाण्याबरोबर. त्यामुळे आधी लॅबवर संशय घेतला, मग गोळ्यांच्या बाटलीवर, मग पुण्याच्या उन्हाळ्यावर, कारण बाटलीवर २५ डिग्रीच्या खाली ठेवा असं लिहिलेलं आणि इथे एप्रिलमध्ये पारा ४० च्या वर, माणसंच २५ च्या खाली राहत नाहीत तर गोळ्या कुठून राहणार. मग आईच्या चहावर पण घेतला. पण चहा मी खरंच तासाभराने घेते आणि आईच्या डब्यातल्या कॅल्शियमच्या गोळ्या दुपारच्या जेवणानंतर, थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. आईला हे अजूनही पटलेलं नाही, ती म्हणते अगं सगळ्या एकदमच टाक ना तोंडात, पोटात गेल्यावर काय भांडतात का त्या. भांडतात, आई.

मग लक्षात आलं की बदललं एकच आहे. जेल. पाळी जाण्याच्या, म्हणजे मेनोपॉजच्या त्रासासाठी मी कातडीला लावते ते इस्ट्रोजेन हार्मोनचं जेल.

मी आले होते महिन्याभरासाठी, आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला. मग फिजिओ, मग दुसरा गुडघा, आणि ऑफिसने पण इथून काम करायला परवानगी दिली म्हणून कोथरूडचा मुक्काम वाढतच गेला. निघताना जीपीने, म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरने, दिलेला साठा कितीही म्हटलं तरी कधीतरी संपणारच. थायरॉइडच्या गोळ्यांचं इथे काहीच टेन्शन नाही, कुठल्याही मेडिकलमध्ये थायरोनॉर्म मागा, तिकडे मी ५० आणि २५ अशा दोन घेऊन ७५ करते, इथे ७५ ची एकच मिळते, ६२.५, ८८ सगळं मिळतं. जेलचं तसं नाही. ८० ग्रॅमची पंपवाली बाटली, ६४ पंप निघतात, रोज दोन म्हणजे जेमतेम महिना. मेडिकलवाला म्हणाला मागवतो. तो मागवत राहिला आणि माझी बाटली खोकायला लागली, पंप दाबला की नुसती हवा.

रात्रीची प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल मात्र लगेच मिळाली. गर्भाशय शाबूत असलं की इस्ट्रोजेन एकटं घेऊन चालत नाही, आतलं अस्तर जाड होत जातं, म्हणून ही जोडीला लागतेच. इथे ती जास्त करून गरोदर बायकांना देतात, त्यामुळे काउंटरवरच्या मुलाने प्रिस्क्रिप्शन पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी आदराने विचारलं, "काकू, सुनेसाठी का?" मुलगी अजून कॉलेजात आहे माझी, सून कुठली. हो म्हटलं आणि घेऊन आले.

तर जेल मिळेना म्हणून इथल्या एका गायनॅककडे गेले. त्यांनी इस्ट्रॅडिऑलची गोळी लिहून दिली, म्हणाल्या औषध तेच आहे, फक्त लावायच्या ऐवजी गिळायचं. औषध तेच हे खरंच आहे. पण फॉर्मवर मी हायपोथायरॉइड, म्हणजे थायरॉइड कमी, असं ठळक लिहिलेलं आणि त्यावर कोणी बोट ठेवलं नाही, एवढंच माझं म्हणणं.

कारण गिळलेलं इस्ट्रोजेन आतड्यातून आधी लिव्हरकडे जातं आणि त्याने लिव्हर टीबीजी नावाचं एक प्रोटीन जास्त बनवायला लागतो. ते प्रोटीन रक्तातल्या थायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतल्याच हार्मोनला, धरून ठेवतं, शरीराला वापरायला मोकळं थायरॉक्सिन कमी उरतं. जिची ग्रंथी धडधाकट आहे तिला कळत पण नाही, ग्रंथी थोडं जास्त बनवून भरपाई करते. आमच्या ग्रंथीचं दुकान बंद, माल रोज बाहेरून ठरलेला तेवढाच येतो, मग तुटवडा पडतो आणि टीएसएच चढतो. जेल किंवा पॅच कातडीतून थेट रक्तात जातं, लिव्हरला फारसं कळत नाही, म्हणून ही भानगड होत नाही. रक्ताच्या गुठळ्यांचा धोका सुद्धा गोळीपेक्षा त्यात कमी. थायरॉइडची गोळी चालू असलेल्या बाईला इस्ट्रोजेनची गोळी सुरू केली की सहा ते बारा आठवड्यांत टीएसएच बघायचा असतो, यात काही नवीन नाही, पंचवीस वर्षं झाली हे माहीत होऊन. पण थायरॉइड बघणारा वेगळा, पाळी बघणारी वेगळी, त्यात माझे तर देश पण वेगळे, आणि दोन्ही कागद एका टेबलावर कधी येतच नाहीत.

लक्षणांवरून ओळखावं म्हटलं तर ते अजून कठीण. केस गळतायत, थकवा आहे, झोप मोडते, मीटिंगमध्ये साधा शब्द आठवत नाही, हे थायरॉइड कमी पडलं तरी होतं आणि मेनोपॉजमध्ये पण होतं. धडधड आणि घाम तर थायरॉइडची गोळी जास्त झाली तरी येतो! रेडिंगच्या ऑफिसात हॉट फ्लश, म्हणजे अंगात अचानक उष्णतेची लाट, आला की फेब्रुवारीत खिडकी उघडणारी मी एकटीच, सगळे स्वेटर आवळून माझ्याकडे बघणार. इथे मे महिन्यात सगळं घरच घामाघूम, वहिनी, आई, भाजीवाले काका, मला आलेला फ्लश कुठला आणि कर्वे रोडचा कुठला हे माझं मलाच कळेना. वहिनीने केसांसाठी बायोटिनच्या गमीज दिल्या होत्या, त्या टेस्टच्या बऱ्याच आधी बंद केल्या, कारण बायोटिनने बऱ्याच लॅबच्या मशीनवर टीएसएच खोटा कमी दिसतो. म्हणजे ७.१ हा आकडा तरी खरा मानायचा. सॅम्पल घ्यायला येणारा मुलगा पालखीमुळे रस्ते बंद व्हायच्या आत म्हणून पहाटेच दारात उभा होता, आई त्याला पण चहा पी म्हणाली.

दादाची वेगळीच गंमत. मी जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवले होते, त्याने जुन्यातला फ्री टीफोर, म्हणजे मोकळं थायरॉक्सिन, वाचला, १६.२, आणि इथल्या रिपोर्टवरची नॉर्मल रेंज दोनच्याही आत. ओरडलाच. अगं दहापट आहे हा, तिकडचे डॉक्टर झोपले होते का! त्याला बसवून सांगितलं की तिकडे पिकोमोल प्रति लिटर असतं, इथे नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, तिकडच्या आकड्याला १२.८७ ने भागायचं, म्हणजे १.२६, एकदम व्यवस्थित. व्हिटॅमिन डी ला अडीचने भागायचं, तिकडचे ६० म्हणजे इथले २४. टीएसएच तेवढा दोन्हीकडे सारखाच, देवाची कृपा. इंजिनिअर माणूस, लगेच एक्सेल काढून बसला आणि आता सगळ्या नातेवाईकांचे रिपोर्ट मागवतोय.

हार्मोन घेते हे कळल्यावर आत्याने कॅन्सरचं काढलंच. ती भीती २००२ ची, अमेरिकेत मेनोपॉजच्या हार्मोनची मोठी ट्रायल मध्येच थांबवली तेव्हाची. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३, हार्मोन घोडीच्या लघवीतून काढलेलं आणि जोडीला वेगळंच सिंथेटिक प्रोजेस्टिन, आणि ब्रेस्ट कॅन्सरच्या जास्तीच्या केसेस वर्षाला दहा हजार बायकांमागे आठ. आठ म्हणजे शून्य नाही, मी काही डोळे मिटून घेत नाहीये, मॅमोग्राम वेळेवर करते. पण आत्याला आकडे नकोच होते, तिला मी आवळा सरबत प्यायला हवं होतं. प्यायले. छान होतं.

आईला मालिश करायला येणाऱ्या मावशी हे सगळं ऐकत होत्या. त्या बीडकडच्या, तरुणपणी ऊसतोडीला जायच्या. तिशीच्या आतच त्यांची पिशवी काढली, अंडाशय ठेवले की ते पण काढले हे त्यांना कोणी सांगितलं नाही, कागदही नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या या ऑपरेशनांच्या बातम्या आल्या आणि सरकारने समिती नेमली, तेव्हा मी तिकडे बसून वाचलं होतं. अंडाशय गेले तर पाळी जायच्या वयापर्यंत तरी हार्मोन द्यायला हवेत, हाडांसाठी, हृदयासाठी. मावशींना कोणी काय दिलं? "उष्णता हाय अंगात ताई, तवापासून," म्हणाल्या आणि आईचा पाय दाबत राहिल्या. मला पुढे बोलवेना. त्यांच्यासाठी हाडांच्या तपासणीचं विचारून ठेवलंय, येतील का माहीत नाही.

संध्याकाळी फॅमिली डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आकडा बघून लगेच ८८ लिहिलं. म्हटलं डॉक्टर, मधे जेलच्या जागी इस्ट्रोजेनची गोळी झालीय. ते थांबले, पेन खाली ठेवलं, आणि मग नीट विचारलं, कधीपासून, किती मिलिग्रॅम, परत कधी जाणार. मला ही माणसं आवडतात, ऐकून घेणारी. मेडिकलवाल्याकडे जेल एकदाचं आलंय, म्हणून ठरलं असं की इस्ट्रोजेनची गोळी बंद, जेल परत सुरू, थायरॉइड ७५ च. आत्ता ८८ केली असती तर जेलवर गेल्यावर तीच जास्त झाली असती आणि धडधडीला मी परत मेनोपॉज समजून बसले असते. थायरॉक्सिन अंगात हळू बदलतं, अर्धं व्हायलाच आठवडा लागतो, त्यामुळे पुढची टेस्ट सहा ते आठ आठवड्यांनी, तोवर मी रेडिंगला पोचलेली असेन.

तिकडे निदान पैशाची कटकट नाही. इंग्लंडमध्ये हायपोथायरॉइड असलं की एक सर्टिफिकेट मिळतं आणि मग सगळीच प्रिस्क्रिप्शनं फुकट, हार्मोनची पण, म्हणजे थायरॉइडच्या पुण्याईवर माझा मेनोपॉज चालतो. पण रक्ताच्या तपासणीची तारीख मिळवणं हे वेगळंच युद्ध. जीपीचा ऑनलाइन फॉर्म सकाळी आठला उघडतो म्हणजे इथले साडेबारा, उद्या आईचा फिजिओ बाराला संपतो, तो संपला की लॅपटॉप घेऊन बसायचंय. फॉर्ममध्ये कारण लिहायला चारच ओळी देतात, त्यात गोळी, जेल, तारखा आणि ७.१ सगळं बसवायचंय.