दिग्दर्शिकांचा छोटा चित्रपट महोत्सव : भाषणं कमी, चाचणी जास्त

स्त्रियांनी केलेल्या चित्रपटांचा छोटा महोत्सव भरवायचं ठरलं की पहिल्या बैठका पोस्टर, लोगो आणि उद्घाटक यांच्यातच संपतात. चित्रपट पडद्यावर कसा दिसेल, संवाद मागच्या रांगेत कळतील का, हा विषय निघतो शेवटच्या आठवड्यात. तीन-चार वर्षं खपून केलेल्या कामाचा मान नेमका तिथेच राहतो किंवा जातो. संवाद ऐकूच आले नाहीत तर सन्मानचिन्हाचं दिग्दर्शिकेनं काय करायचं?

आधी निकष ठरवा. दिग्दर्शन स्त्रीचं हवं, एवढाच नियम ठेवला तर काम सोपं होतं, पण सहदिग्दर्शक पुरुष असेल तर काय? २०१४ साली इंग्लंडमधल्या बाथ चित्रपट महोत्सवात ‘एफ-रेटिंग’ सुरू झालं. त्यात दिग्दर्शन किंवा लेखन स्त्रीचं असलं की चित्रपट बसतो. तेही चालेल. मात्र दोन्हीकडे कॅमेरा, संकलन, ध्वनी करणाऱ्या बायका बाहेरच राहतात. त्यांच्यासाठी एखादं सत्र राखून ठेवलेलं बरं. ट्रान्स स्त्रिया आणि नॉन-बायनरी (स्वतःला स्त्री किंवा पुरुष या चौकटीत न बसवणाऱ्या) दिग्दर्शकांबद्दलही नियमातच स्पष्ट लिहा. अर्ज आल्यावर ठरवायला बसलात तर ती त्या माणसावरची चर्चा होते, नियमावरची राहत नाही.

निवडीचं गणित कागदावर मांडा. १२० प्रवेशिका, सरासरी १५ मिनिटांच्या, म्हणजे ३० तास. प्रत्येक चित्रपट दोघांनी बघायचा तर ६० तास. पाच जणांत वाटले की प्रत्येकी १२ तास, आणि वर चर्चा वेगळी. हे हातात नसताना प्रवेशिका मागवल्या की शेवटचे चाळीस चित्रपट पहिल्या पाच मिनिटांवर निकालात निघतात. मुदत पुढे ढकलण्यापेक्षा संख्या बांधून घ्या. प्रवेश शुल्क शक्यतो नकोच. ठेवायचंच असेल तर शुल्कमाफी मागण्याची सोय अर्जातच द्या, तिचं कारण विचारू नका.

कार्यक्रम आखताना हमखास होणारी चूक म्हणजे खच्चून भरणं. लघुपटांचं सत्र ७५-८० मिनिटांपुढे नेऊ नका. त्यावर चर्चेला २० मिनिटं आणि हॉल रिकामा होऊन पुन्हा भरायला १५. म्हणजे दोन सत्रांच्या सुरुवातीत जवळपास दोन तासांचं अंतर. शेवटचं सत्र किती वाजता संपतं, यावर प्रेक्षकांत बायका किती हे बरंचसं ठरतं. घरी जायला वाहन मिळेल अशी वेळ ठेवा. मुलं सांभाळायला एखादी खोली आणि दोन माणसं दिलीत तर एरवी न येणारा प्रेक्षक येतो. हिंसाचार दाखवणाऱ्या चित्रपटाची सूचना कार्यक्रमपत्रिकेत एका ओळीत द्या, आणि त्याला लागून विनोदी चित्रपट लावू नका. दोघांचंही नुकसान होतं.

एखादा जुना चित्रपट घ्याच. १९७२ साली न्यूयॉर्क आणि एडिनबर्गला स्त्रियांच्या चित्रपटांचे महोत्सव झाले. १९७९ साली पॅरिसजवळच्या सो या गावात सुरू झालेला महोत्सव १९८५ मध्ये क्रेतेईला गेला आणि तिथलाच झाला. विसरलेल्या दिग्दर्शिकांना पुन्हा पडद्यावर आणणं हा अशा महोत्सवांचा मोठा उद्योग राहिलाय. अ‍ॅलिस गी ही फ्रेंच दिग्दर्शिका १८९६ पासून चित्रपट करत होती. लोइस वेबर मूकपटांच्या काळात हॉलिवूडमधली आघाडीची दिग्दर्शिका होती. पण मूकपट ‘जुना, म्हणजे फुकट’ असं समजू नका. हक्काची मुदत देशागणिक वेगळी असते. मूळ चित्रपटाचा हक्क संपला असला तरी डागडुजी केलेली प्रत आणि तिच्यावर नव्यानं चढवलेलं संगीत यांचे हक्क कुणाकडे तरी असू शकतात. ती प्रत ज्या संग्रहाची आहे, त्याला लेखी विचारा. आणखी एक गोष्ट : सेकंदाला १६ फ्रेमवर (चित्रांवर) चित्रित झालेला मूकपट २४ च्या वेगानं चालवला तर दीडपट वेगानं पळतो आणि सगळी माणसं विदूषक वाटतात. फाइल कोणत्या वेगाला जुळवलीय, ते आधी बघून घ्या.

नव्या चित्रपटांची परवानगीही लेखीच हवी. दिग्दर्शिकेनं फोनवर ‘लावा की’ म्हटलं, तरी हक्क तिचे असतीलच असं नाही. विद्यार्थिनीच्या चित्रपटाचे बहुधा संस्थेकडे असतात, बाकीच्यांचे निर्मात्याकडे. पत्रात तारीख, जागा, किती खेळ, तिकीट आहे का आणि मानधन किती, एवढं आलं पाहिजे. ऑनलाइन दाखवणं ही वेगळी परवानगी. माहितीपटात ओळख उघड झाल्यास धोका असलेली स्त्री दिसत असेल, तर हॉलमध्ये दाखवायला होकार असतो आणि नेटवर टाकायला सक्त नकार. प्रेक्षकांच्या मोबाइल चित्रीकरणावरची बंदीही म्हणूनच गांभीर्यानं घ्या.

आता हॉल. चित्रपटगृह मिळालं तर डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहांसाठीची डिजिटल प्रत, मागवा. ती तासाला शंभर जीबीच्या वरही जाऊ शकते, कारण चित्राच्या प्रवाहाची मर्यादा सेकंदाला २५० मेगाबिट आहे. हार्ड डिस्क साध्या लॅपटॉपवर उघडली नाही म्हणून घाबरू नका. ती बहुधा लिनक्सच्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली असते. कुलूपबंद डीसीपी असेल तर तिची डिजिटल किल्ली चित्रपटगृहातल्या ठरावीक सर्व्हरवर (चित्रपट चालवणाऱ्या यंत्रावर) आणि ठरावीक वेळेतच चालते. चाचणीची वेळही त्या मुदतीत बसवून घ्या.

साध्या सभागृहात प्रोजेक्टर आणि लॅपटॉप. चित्रपटगृहात पडद्याच्या उजळपणाचं प्रमाण ४८ निट (उजळपणाचं एकक) असतं. ३ मीटर रुंदीच्या १६:९ पडद्यावर ते मिळवायला पूर्ण अंधारात ७६० लुमेनच्या (प्रोजेक्टरचा प्रकाश मोजायचं एकक) आसपास प्रकाश पडद्यावर पोचावा लागतो. रुंदी दुप्पट केली की चौपट, म्हणजे तीन हजारांवर. खोक्यावर छापलेला आकडा मात्र सर्वांत भडक मोडचा असतो. सिनेमाचे रंग लावले आणि दिवा जुना असला की त्यातला अर्धासुद्धा हातात पडत नाही. म्हणून लागतो त्याच्या निदान दुप्पट छापील आकडा असलेला प्रोजेक्टर धरा. खिडकीतून उजेड येत असेल तर मोठा प्रोजेक्टरही पुरा पडत नाही : पांढरा आणखी पांढरा होतो, काळा मात्र राखाडीच राहतो आणि रात्रीचं दृश्य गायब. काळं कापड लावा, दाराला दुहेरी पडदा करा. पैसे तिथे घाला.

आवाजाचा घोळ जास्त वाईट, कारण तो चित्रपट सुरू झाल्यावर कळतो. ५.१ ची, म्हणजे सहा वेगळ्या चॅनलांच्या आवाजाची, फाइल आली आणि मिक्सरला डावा-उजवा एवढेच चॅनल जोडलेले असले, तर संगीत झकास वाजतं, पक्षी ओरडतात आणि माणसं नुसते ओठ हलवतात. संवाद मधल्या चॅनलवर असतात, तो कुठे जोडलेलाच नसतो. शीर्षकाचं संगीत ऐकून ‘आवाज ठीक’ म्हणणारा इथेच फसतो. चाचणीत नेहमी पहिला संवाद लावा. दिग्दर्शिकेकडून स्टिरिओ मिक्सची वेगळी प्रत मागवणं सगळ्यांत सोपं. लघुपटांची पातळी एकसारखी नसते. प्रत्येकाचा फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची पट्टी) कुठे ठेवायचा, तो आकडा क्यू शीटवर (कोणता चित्रपट कधी, कसा लावायचा त्या यादीवर) लिहा. भरलेला हॉल आवाज शोषतो, म्हणून रिकाम्या हॉलमधल्या आकड्यापेक्षा किंचित वर.

सबटायटल वेगळ्या एसआरटी फाइलमध्ये (वेळा आणि मजकूर असलेल्या साध्या फाइलमध्ये) असतील तर वेग जुळतोय का बघा. २५ फ्रेमच्या प्रतीची फाइल २३.९७६ च्या प्रतीला लावली तर ९० मिनिटांच्या शेवटाला जवळजवळ चार मिनिटांचा फरक पडतो. पहिल्या काही सेकंदांत तो कुणाच्या फारसा लक्षात येत नाही, म्हणून सुरुवात, मध्य आणि शेवट तिन्ही ठिकाणी तपासा. देवनागरी सबटायटल चौकोन-चौकोन दिसले तर फॉन्ट नाही आणि प्रश्नचिन्हं दिसली तर फाइल यूटीएफ-८ मध्ये (देवनागरी अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत) नाही. सबटायटल चित्रातच पक्के बसवलेली प्रत मागवलीत तर हे दोन्ही प्रश्न मिटतात. लॅपटॉपचं आउटपुट ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० चित्रं) आणि चित्रपट २५ फ्रेमचा, असं असलं की कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळतं. ५० हर्ट्झवर टाका. सूचनांचे आवाज, स्क्रीनसेव्हर आणि वायफाय बंद, फायली लॅपटॉपच्याच डिस्कवर, दुसरी प्रत दुसऱ्या लॅपटॉपवर. लिंकवरून थेट चित्रपट चालवण्याचा विचारही नको.

चर्चेला प्रेक्षकांसाठी दोन हातातले माइक आणि ते फिरवणारी दोन माणसं. सूत्रसंचालकानं चित्रपट पाहिलेला हवा, हे सांगावं लागतं याचंच नवल. ‘बाई म्हणून काम करताना काय अडचणी आल्या’ हा प्रश्न पहिला नको. शॉट, आवाज, संकलन यांवर विचारा. बाकीचं ओघात येतं.

महोत्सव संपल्यावर आठवड्याभरात मानधन द्या, प्रेक्षकसंख्या आणि खेळाची वेळ कळवा, हार्ड डिस्क परत करा. दोन्ही लॅपटॉपवरच्या प्रती आणि परीक्षकांना दिलेल्या लिंका काढून टाका आणि तसं प्रत्येकीला लेखी कळवा.