लॉन पिवळं पडलं की आधी ओढून बघा

ऑगस्ट-सप्टेंबरात, भर पावसात लॉनवर तपकिरी चट्टे पडले की हमखास दोन सल्ले मिळतात: युरिया टाका, नाहीतर नवं कार्पेट, म्हणजे मातीसकट मिळणारा तयार गवताचा तुकडा, अंथरा. दोन्ही नंतर. आधी चट्ट्याच्या कडेचं, अजून अर्धवट हिरवं गवत मुठीत धरून ओढा. सतरंजीसारखं अलगद उचललं गेलं आणि खाली मुळंच नसली, तर ते काम हुमणीचं, म्हणजे मातीत राहून मुळं खाणाऱ्या अळीचं. मधल्या मेलेल्या भागात खणून उपयोग नाही. तिथलं खाऊन अळ्या कडेला सरकलेल्या असतात.

कडेला एक फूट लांब-रुंद चौकोन 4 इंच खोल कापा आणि माती हाताने फोडा. इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली, पांढरट, तांबूस डोक्याची अळी दिसेल. एखाद-दुसरी असेल तर दुर्लक्ष करा, पाच-सहा असतील तर उपाय हवा. मुळं शाबूत आणि पानं कुरतडलेली असतील, तर शंका पानं खाणाऱ्या अळीवर. 4 लिटर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन मोठे चमचे घालून चौरस मीटरभर ओता. दहा मिनिटांत ती वर येते. हुमणी मात्र या पाण्याने वर येत नाही. ‘साबण टाकला, काही निघालं नाही’ म्हणून निर्धास्त राहणारे इथेच फसतात.

हुमणीवर मेटारायझियम ही बुरशी चांगली, पण जून-जुलैत, अळी लहान असताना. 1 लिटर पाण्यात 10 ग्रॅम पावडर कालवून, संध्याकाळी, ओल्या मातीत मुळांपर्यंत झिरपेल अशी ओता. निकाल लागायला काही आठवडे जातात. त्या काळात बुरशीनाशक फवारलं तर केलेलं सगळं वाया. सप्टेंबरातल्या जाड अळ्या खणून वेचणंच बरं. मोकळ्या मातीत साळुंक्या आणि बगळे मदतीला येतात. कोणी फोरेट हे कीटकनाशक आणून दिलं तर घेऊ नका, त्यावर बंदी आहे.

आता दुरुस्ती. मेलेलं गवत कडेच्या चार बोटं निरोगी भागासकट कापून काढा. 6 इंच खणा, अळ्या आणि लव्हाळा या तणाच्या गाठी वेचा. गाठ तुटून राहिली की दुप्पट लव्हाळा उगवतो, म्हणून इथे घाई नको. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं, चाळलेलं शेणखत भरा. कच्च्या खतातून अळ्याच घरी येतात. पाणी मारून माती बसू द्या, मग पातळी आजूबाजूपेक्षा इंचभर खाली ठेवा, कारण कार्पेटची स्वतःची जाडी असते.

कार्पेटच्या तळाला बऱ्याचदा चिकट काळ्या मातीचा थर असतो. खाली मुरमाड लाल माती असेल तर मुळं त्या थरातच अडकून बसतात. तळ पाण्याने बराचसा धुऊन घ्या, कडा घट्ट भिडवा आणि वरून रोलर किंवा फळी दाबा. पोकळी राहिली तिथे गवत वाळणारच. पैसे वाचवायचे असतील तर मेक्सिकन गवताच्या जुड्या 3 इंचांवर लावा, फक्त भरायला महिने लागतात. हरळी त्यापेक्षा लवकर पसरते.

कार्पेट दोनेक आठवड्यांनी कोपऱ्याला धरून हलकेच ओढा. अडलं, तर मुळं धरलीत. त्यानंतरच पहिली कापणी, तीही उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. युरिया त्याही पुढे, चौरस मीटरला 10 ग्रॅमच्या आत, कोरड्या पानांवर टाकून लगेच भरपूर पाणी. ओल्या पानांवर दाणे चिकटले की पिवळे ठिपके उठतात, आणि मग पुन्हा कीड समजून औषधं मारली जातात!

पुढच्या वर्षी लक्ष वळवाच्या पहिल्या मोठ्या पावसावर. अंधार पडताना हुमणीचे भुंगेरे, म्हणजे अळीचे मोठे झालेले किडे, जमिनीतून निघून कडुलिंब, बाभूळ, बोरीवर बसतात. खाली कापड अंथरून फांद्या हलवा आणि पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. त्या दिवसांत लॉनवरचे दिवे रात्री बंद ठेवा, कारण भुंगेरे उजेडाला येतात आणि अंडी जवळच्याच मातीत घालतात.