नेटवर्क ड्रायव्हर टाकल्यावर निळा स्क्रीन : खरं कारण कसं सापडलं

लॅनचा, म्हणजे केबलने नेटवर्क जोडणाऱ्या कार्डाचा, नवा ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टाकला आणि कॉम्प्युटरचा भरवसाच राहिला नाही. साधं टायपिंग चाललंय तोवर काही नाही. मोठं डाउनलोड लावलं किंवा व्हिडिओ कॉल सुरू केला की आधी आवाज तुटायचा, माउस अडखळायचा आणि मग निळा स्क्रीन. कधी तोही नाही, थेट रीस्टार्ट.

अशा वेळी सल्ले ठरलेले असतात : रॅम बदल, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बघ, नाहीतर सरळ फॉरमॅट मार. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं की पॉवर सप्लायवरचा संशय आणखी पक्का होतो. पण त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मशीन नीट शटडाउन न होता पुन्हा सुरू झालं. का, ते त्यात नसतं. मला जास्त उपयोग झाला तो विंडोजमधल्याच रिलायबिलिटी मॉनिटरचा. तिथे तारखेप्रमाणे आलेख असतो, आणि लाल फुल्या नेमक्या ड्रायव्हर टाकल्याच्या दिवसापासून सुरू झालेल्या दिसल्या. रात्रभर रॅमची चाचणी लावली, एकही एरर नाही. लॅनची केबल काढली तर मशीन कितीही ताण दिला तरी ठणठणीत.

म्हणजे ड्रायव्हरच. डिव्हाइस मॅनेजरमधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करून जुनी आवृत्ती आणली. तरीही क्रॅश थांबले नाहीत! इथेच बरेच जण हार्डवेअर खराब म्हणून मोकळे होतात.

मी मिनीडंपकडे, म्हणजे क्रॅशच्या क्षणी विंडोज जपून ठेवते त्या माहितीकडे वळलो. आधी ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’मध्ये जाऊन आपोआप रीस्टार्टची टिक काढली, म्हणजे निळा स्क्रीन वाचता येईल इतका वेळ टिकतो. त्यावर ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ असं आलं. प्रोसेसर तातडीच्या कामाच्या पातळीवर असताना तेव्हा हात लावता येणार नाही अशा मेमरीला कुठल्या तरी ड्रायव्हरने हात लावला, असा त्याचा अर्थ. ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालतो, त्यामुळे साध्या प्रोग्रामसारखा तो एकटा बंद पडत नाही, सगळी सिस्टीम थांबवावी लागते.

विंडोज फोल्डरमधल्या मिनीडंपमध्ये छोट्या डंप फाइल असतात. त्यातली एक विनडीबीजी या डंप वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडली आणि ॲनालाइझची कमांड दिली. दोषी म्हणून नाव आलं ‘एनडिस डॉट सिस’. ही विंडोजची स्वतःची फाइल, सगळी नेटवर्किंगची वाहतूक तिच्यामधून जाते. पण नाव आलं म्हणून तिला हात लावू नये. दुसऱ्याने बिघडवलेला डेटा हातात आला की पडते ती, आणि पंचनाम्यात नावही तिचंच लागतं. खरी माहिती खाली ‘स्टॅक’मध्ये असते, म्हणजे काम कुणाकडून कुणाकडे गेलं त्या यादीत. तो खालून वर वाचायचा : लॅनचा ड्रायव्हर, मग एनडिस, मग एक अनोळखी सिस फाइल (म्हणजे कुठल्या तरी ड्रायव्हरची फाइल), मग पुन्हा एनडिस आणि क्रॅश. आणखी डंप उघडले, प्रत्येकात तीच अनोळखी फाइल.

तिच्या प्रॉपर्टीजमध्ये पाहिलं तेव्हा उलगडा झाला. ड्रायव्हरच्या सेटअपबरोबर इंटरनेटचा वेग ‘सुधारणारं’ एक सॉफ्टवेअर न विचारता आलं होतं आणि ही त्याची फिल्टर फाइल होती. फिल्टर म्हणजे येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) मधेच अडवून तपासणारा थर. नेटवर्क अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये, जिथे टीसीपी-आयपीच्या ओळी असतात, तिथेच त्याची ओळ टिक लावून बसलेली होती. रोल बॅकने बदलतो तो फक्त कार्डाचा ड्रायव्हर, हा थर जागेवरच राहतो. असं काही सोबत देताना कंपन्यांनी विचारायलाच हवं, या मतावर मी ठाम आहे.

आधी फक्त टिक काढून ताण देऊन पाहिला. मशीन हललं नाही, आवाजही तुटेना. मग प्रोग्राम अनइन्स्टॉल केला, अडॅप्टरच्या यादीतून ओळ काढली. एवढ्यावर थांबू नये, कारण ड्रायव्हरचं पॅकेज विंडोजच्या ड्रायव्हर स्टोअरमध्ये, म्हणजे ड्रायव्हर साठवायच्या जागेत, शिल्लक राहू शकतं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून पीएनपीयुटिल या विंडोजच्या कमांडने बाहेरच्या कंपन्यांच्या सगळ्या पॅकेजची यादी काढली. तिथे मूळ नाव आणि ‘ओईएम’ने सुरू होणारं नवं नाव शेजारी दिसतं. मूळ नाव आणि कंपनी दोन्ही जुळवून मगच ते पॅकेज डिलीट केलं. घाईत शेजारची ओळ उडाली तर दुसरंच डिव्हाइस बंद पडेल.

नंतर डिव्हाइस मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मधून कार्डाचा हार्डवेअर आयडी घेतला आणि चिप बनवणाऱ्याच्या साइटवरून नुसता ड्रायव्हर उतरवला, सोबतच्या सॉफ्टवेअरशिवाय. तोच नवा ड्रायव्हर आता व्यवस्थित चालतोय. पीएनपीयुटिलच्याच एक्सपोर्टने त्याची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवली आहे. लॅन बंद असताना लॅनचा ड्रायव्हर उतरवणार कुठून?