आंबेमोहोराचं बी निवडताना

मुळशीहून दादानं पाठवलेला आंबेमोहोर शिजला, पण बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरात वास काही सुटला नाही. आई म्हणाली, "अरे, यात अर्धी इंद्रायणी आहे." खरंच होतं. दोन्ही भातं एकाच खळ्यावर झोडायची आणि त्यातलंच बी धरायचं, मग दुसरं काय होणार? तशी इंद्रायणीही घरचीच. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ ही बुटकी जात यांचा संकर, १९८७ साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलेला.

त्या वर्षी कापणीला गेलो आणि आंबेमोहोरासारख्या उंच, उशिरा निसवलेल्या (लोंबी बाहेर पडलेल्या) रोपांच्या साठ लोंब्या वेचल्या. भात स्वपरागी, म्हणजे फूल स्वतःच्याच परागानं फळतं, त्यामुळे एका लोंबीची पिल्लं बहुतेक तिच्यासारखीच निघतात. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाकिटांत एकेक लोंबी भरून बडोद्याला आणली.

पुढच्या पावसाळ्यात डभोईकडे मित्राच्या खाचरात एका लोंबीची एक ओळ, चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) एकच रोप, अशी लावणी केली. शेजारचं भात तीन मीटर लांब. ओळीत एक जरी रोप बुटकं निघालं किंवा आधी निसवलं, तर अख्खी ओळ बाद. मित्राचा जीव हळहळायचा.

वासाची परीक्षा पानांवरच होते. दोन ग्रॅम पानं बारीक कातरून १.७ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या दहा मिली द्रावणात दहा मिनिटं झाकून ठेवायची, मग झाकण काढून हुंगायचं. (हातमोजे घाला, मी एकदा घातले नव्हते.) सात-आठ बश्यांनंतर माझं नाक बधिर व्हायचं. आईचं नाही. ती नुसती मान हलवायची आणि मी वहीत फुली मारायचो. तेवीस ओळी उरल्या.

त्यांचा तांदूळ शिजवला तर वास पुन्हा फिकाच! तेव्हा चूक कळली. दाणा भरताना हवा गार असेल तरच हा वास नीट धरतो, आणि बडोद्याचा ऑक्टोबर कसा तापतो ते सांगायला नको. निवड इथे जमली. पीक मुळशीतच घ्यायला हवं होतं.

तेवीस पाकिटं दादाकडे परत गेली. "लोळतं रे हे," म्हणजे उभं पीक आडवं पडतं, ही त्याची तक्रार जुनीच. युरिया कमी टाक म्हटलं, तर फोनवर गप्प बसला. पण वेगळं खाचर दिलं. दिवाळीनंतर दोन किलो तांदूळ आला, आणि या खेपेला आईनं इंद्रायणीचं नाव काढलं नाही.

यंदा तिथेही दोन ओळी बाद केल्या. बी दादानं वेगळ्या डब्यात ठेवलंय. खळं मात्र अजून एकच आहे.