आधी बसून खा

शुक्रवार, रात्रीचे दहा

आज दुसरा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन १०.८. आषाढीच्या आधीच्या आठवड्यात ते ९.४ होतं. बायकांना किमान १२ तरी हवं, म्हणजे अजून बराच पल्ला आहे. तरी लॅबच्या पायरीवरच मी तो कागद दोनदा वाचला आणि डोळे भरून आले.

तेव्हाची मी आठवतेय. फोंड्याहून सकाळच्या कदंब बसमध्ये बसले की बाणस्तारीच्या आत डोळा लागायचा आणि पणजी स्टँडवर कंडक्टर हाक मारून उठवायचा. दोन जिने चढले की धाप लागायची. मला वाटायचं, वय झालं, चव्वेचाळीस म्हणजे असंच व्हायचं. डॉक्टरीणबाईंनी मात्र एकच विचारलं, "दिवसाला चहा किती?" मोजले तर सहा भरले. त्यातला एक डब्यानंतर लगेच, एक रात्रीच्या जेवणानंतर लगेच. चहामुळे अन्नातलं लोह अंगात नीट शोषलं जात नाही, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मी आठवड्यातून तीनदा तांबडी भाजी करत होते आणि वर चहा ओतत होते. आता लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घेते, तिच्या आगेमागे तासभर चहा नाही. ऑफिसात दीडचा कप तीनवर नेला. आधी तिथल्या पोराला ते विचित्र वाटलं, आता तो स्वतःच तीनला आणून ठेवतो.

पण गोळीपेक्षा मोठं काम आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी केलं, हे मला लिहून ठेवायचंच आहे. मी ओट्याशी उभी राहून एका हातानं डबे भरत दुसऱ्या हातानं खात होते. त्या देवपूजा सोडून आत आल्या आणि म्हणाल्या, "उभ्यानं खाल्लेलं अंगी लागत नाही गो. आधी बसून खा." मी म्हटलं, आई, चपात्या कोण लाटणार? तर म्हणाल्या, "पोदेर रोज दारावरून जातो, तो कुणासाठी?" पोदेर म्हणजे आमचा पाववाला.

वीस वर्षं मी सकाळी सगळ्यांच्या नाश्त्याच्या आणि डब्याच्या मिळून अठरा चपात्या लाटत आले. त्यातल्या नाश्त्याच्या सहा आमच्यात कुणालाच नको होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. आता सव्वासहाला पोदेराच्या भोंग्याचा पोंपों ऐकू आला की मुलगा खाली पळतो. गरम पोई, म्हणजे कोंड्याचा पाव, हातात आली की आधी बोटांना कोंडा लागतो, मग ती मधून उघडली की वाफेबरोबर तो आंबूस वास येतो. आत रात्रीची चवळीची पातळ भाजी. मी खुर्चीवर बसते आणि पंधरा मिनिटं उठत नाही. कुणी हाक मारली तरी आईच ओ देतात.

व्यायामाचंही तसंच झालं. पहाटे उठून चालायला जायचं मी किती वर्षं ठरवत होते, पण पहाट माझी नाहीच, ती डब्यांची आहे. मग स्टँडवरून ऑफिसला पायलटच्या, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या मागे बसून जायचं बंद केलं. पाटोचा पूल ओलांडून, पोस्टावरून, नदीकाठानं आझाद मैदानापर्यंत भरभर चाललं की सोळा मिनिटं होतात. जाऊन येऊन बत्तीस, पाच दिवसांचे १६०. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, आणि २०२० पासून तर सलग दहा मिनिटांची अटही तिनं काढून टाकली आहे, चाललेलं सगळं धरतात. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. आमच्यासारख्या बायकांना वेळ असाच सुट्ट्या नाण्यांनी मिळतो.

वाटेत जुन्या सचिवालयाशेजारी संमोहन करणारे पाद्री आबे फारिया यांचा पुतळा लागतो. समोर पडत चाललेली बाई आणि तिच्यावर हात पसरून उभे ते. १७५६ साली कांदोळीत जन्मलेल्या या माणसानं पॅरिसमध्ये ठासून सांगितलं की संमोहनाची गुंगी ते करणाऱ्याच्या शक्तीनं येत नाही, ज्याला येते त्याच्या स्वतःच्या मनातून येते. लहानपणापासून हा पुतळा बघतेय, पण परवा पावसात छत्री धरून तिथं थांबले आणि त्या बाईकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. 'मी थांबले तर घर थांबेल' ही गुंगी मला कुणी घातली होती? नवऱ्यानं नाही, आईंनी तर नाहीच.

झोपेचं अजून जमलेलं नाही. मुलाची दहावी, तो साडेअकरापर्यंत वाचतो आणि मी उगाच जागी. या आठवड्यात तीनदा साडेदहाला झोपले, दोनदा नाही. श्रावणी सोमवारीही पूर्वी दिवसभर चहावरच असायचे. आता केळी, दाणे आणि संध्याकाळी वेळेवर जेवण.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, सतरा दिवसांवर आली. गेल्या वर्षी नेवऱ्या (करंज्या) तळून रात्री दोनला पाठ टेकली होती आणि पहाटे गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला उठताना भोवळ आली होती. आज जेवताना विषय काढला. मोदक घरचेच, देवाच्या पानातल्या एकवीस नेवऱ्याही घरच्याच. पाहुण्यांसाठीच्या शंभर वाड्यावरच्या महिला गटाकडून. आई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "खोबरं आपलं देऊया, माडाचं." म्हणजे ठरलं.

जाऊबाईंना अजून सांगायचं आहे. रविवारी सकाळी, खाऊन झाल्यावर, फोन करीन.