उपाशीपोटीचे पेव

मंगळवारी दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला, तेव्हा तो वाचण्याआधी सौ.ने बेसनलाडवांचा डबा उघडून पाहिला. रात्री निजताना घरच्या यंत्रावर १३१ असलेली साखर सकाळी उपाशीपोटी १५८ भरली होती आणि मधल्या नऊ तासांत माझ्या पोटात तांब्याभर पाण्याखेरीज काहीही गेलेले नव्हते. "खरं सांगा," एवढेच ती म्हणाली.

खरे असे, की चोर घरातलाच आहे आणि तो यकृत आहे. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद ठेवणाऱ्या घरात वाढल्यामुळे मला हे चटकन उमगते. अरुंद तोंडाचे, आत रांजणासारखे फुगलेले ते पेव उघडले तरी लगेच कोणी आत उतरत नसे. कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत आजोबा काठाशी उकिडवे बसून राहत, मग पेटता कंदील दोरीने खाली सोडत आणि तो विझला नाही तरच हमालाला उतरू देत. मला तीन हात लांब उभे राहावे लागे, पण तो उबदार, मातकट वास तिथवर येई.

यकृताच्या पेवात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीतली साखर, रात्रीच्या बेगमीला असते. साठा स्नायूंतही असतो, परंतु ग्लुकोज-६-फॉस्फटेज हे शेवटचे दार उघडणारे विकर (एन्झाइम) तिथे नसल्यामुळे तो माल रक्ताच्या बाजारात येत नाही, घरीच खपतो. शिवाय लॅक्टेट आणि अमिनो आम्लांपासून नवी साखर घडवणारी विकरे यकृतात रात्रभर राबत असतात, आणि या सगळ्यांना आवर घालणे हे इन्सुलिनचे काम. मधुमेहात यकृत इन्सुलिनला जुमानत नाही, साखर सोडायला सांगणाऱ्या ग्लुकागॉन या संप्रेरकाचा निरोप मात्र तत्परतेने पाळते, आणि मग गरज नसताना पहाटेपर्यंत उपसा चालू राहतो. मेटफॉर्मिनची गोळी मुख्यतः इथेच लगाम घालते. जेवणाबरोबर घ्यायची म्हणून ती जेवणातल्या साखरेवर असावी, असे मी वर्षानुवर्षे समजत होतो.

सौ.ने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि डबा वरच्या फळीवर ठेवला.

आजोबांनाही मधुमेह होता. त्या काळी सकाळची लघवी निळ्या द्रावणात घालून परीक्षानळीत उकळत आणि रंग पाहत. तो विटकरी झाला की आजी तडक गुळाच्या ढेपेकडे जाई, कारण रात्री तिने ढेपेवर नखाने खूण करून ठेवलेली असे. "नाही गं, शिवलोसुद्धा नाही," आजोबा म्हणत. एकदा तिने मला साक्षीला बोलावले. मी आठ वर्षांचा होतो, आणि रात्री फडताळाचा आवाज ऐकल्याचे मी सांगितले, म्हणून मला त्याच ढेपेतला खडा मिळाला. आजोबा काही बोलले नाहीत.

आवाज मी ऐकला नव्हता.